दाराला कुलूप, देवघेव चालू: साथीच्या काळासाठी सोलापुरातल्या छोट्या वाचनालयाची तयारी

मार्च २०२०मध्ये बंद झालेली राज्यातली वाचनालये उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२०पासून. म्हणजे जवळपास सात महिने. पुढच्या एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले आणि पुन्हा तीच गत. त्या काळात कोणते वाचनालय जिवंत राहिले, याचा विचार करताना मी इमारत, कपाटे, संगणक यांकडे पाहत नाही. सभासदांची यादी पाहतो. यादीतला नंबर लागत असेल, तर दार बंद असतानाही वाचनालय चालवता येते. नंबर लागत नसेल, तर हातात उरते ते फक्त कपाटाचे भाडे.

हा लेख शासनाच्या अनुदान-वर्गवारीतल्या ब, क, ड वर्गातल्या वाचनालयांसाठी आहे. एक ग्रंथपाल, फार तर एक शिपाई, निवृत्त मंडळींचे कार्यकारी मंडळ आणि अनुदानाची वाट पाहणे, असा ज्यांचा संसार आहे त्यांच्यासाठी. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या, मोठ्या संस्थेचे गणित वेगळे असते.

आधी यादी दुरुस्त करा

साथ नसताना करायचे हे काम, त्यामुळे ते कोणी करत नाही. सभासद नोंदवहीत नाव, पत्ता, अनामत एवढेच असते. फोन असलाच तर दहा वर्षांपूर्वीचा. नवी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा आणि प्रत्येक सभासदापुढे एवढे लिहा: चालू नंबर, घरातला दुसरा नंबर, व्हॉट्सअ‍ॅप कोणाच्या फोनवर आहे, घरात कोणती भाषा बोलतात आणि कोणती वाचतात, एकटे राहतात का, बारीक अक्षर दिसते का, काय वाचायला आवडते.

'बोलतात' आणि 'वाचतात' हे रकाने सोलापुरात वेगळेच ठेवावे लागतात. साखर पेठेतल्या किंवा अशोक चौकातल्या पद्मशाली घरात नातू मराठी शाळेत शिकलेला, मुलगा मराठी पेपर वाचणारा, पण आजीशी बोलायचे तर तेलुगूच. अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, नई जिंदगीकडे उर्दू. फोन कोणी करायचा, पेटीत कोणती पुस्तके घालायची, सूचना किती भाषांत लावायची, हे सगळे या दोन रकान्यांवरून ठरते.

यादीच्या दोन प्रती ठेवा, एक ग्रंथपालाकडे, एक कार्यवाहांच्या घरी. कपाटात बंद राहिलेली वही बंदीच्या काळात कामाची नाही. मात्र ही माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते. ती निवडणुकीच्या उमेदवाराला, शिकवणीवाल्याला किंवा विमा एजंटला द्यायची नाही, असा ठरावच करून इतिवृत्तात लिहून ठेवा. कोणीतरी मागायला येतोच, आणि तो बहुधा मंडळातल्याच कोणाचा तरी ओळखीचा असतो.

सोबत आणखी एक ठराव: मंडळाची सभा होऊ शकत नसेल, तर अध्यक्ष आणि कार्यवाह मिळून ठरावीक रकमेपर्यंत खर्च करू शकतील. आकडा तुम्ही ठरवा. असा ठराव नसला की फोनचे रिचार्ज कोणाच्या खिशातून करायचे यावरच आठवडा जातो.

बंदी लागल्याचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दंड थांबवा. सर्व पुस्तकांची मुदत आपोआप वाढली आहे, हे दारावर लिहा आणि फोनवरून कळवा. लोक नियम पाळणारे असतात. संचारबंदीत पोलिसांना चुकवत पुस्तक परत करायला निघालेले आजोबा आपल्याला नको आहेत.

मग फोनची वाटणी. मंडळातले सदस्य, ग्रंथपाल आणि दोन-तीन हौशी तरुण सभासद यांच्यात यादी वाटून टाका, प्रत्येकाकडे १५ ते २० घरे. त्याहून जास्त दिली की फोन होत नाहीत. पहिला क्रम एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा. सुरुवात पुस्तकापासून करू नका. "नमस्कार मावशी, वाचनालयातून बोलतेय. पुस्तक मागायला फोन नाही केला. तब्येत बरी आहे ना? औषधं आहेत का घरात?" एवढे विचारले की पुढे पाच मिनिटे त्याच बोलतात. त्यात काय वाचायचे आहे तेही निघते. तेलुगू घराला तेलुगू बोलणाऱ्याने, कन्नड घराला कन्नड बोलणाऱ्याने फोन करावा. मोडक्या मराठीत कोणी आपली अडचण सांगत बसत नाही.

औषध, रेशन, दवाखाना यांची अडचण कळली तर ती सोडवायला आपण धावायचे नाही. महापालिकेचा विभागीय कार्यालयाचा नंबर, वॉर्डातल्या आशाताईंचा नंबर, जवळच्या नागरी आरोग्य केंद्राचा नंबर हाताशी ठेवून जोडून द्यायचे. वाचनालयाचे काम एवढेच, पण ते चोख हवे.

अफवांवर कात्री

साथीत खरी टंचाई असते ती ताज्या, खात्रीच्या माहितीची. एप्रिल २०२०मध्ये राज्यात घरोघरी पेपर टाकणेही काही काळ थांबले होते. पेपर वाचायला वाचनालयात येणारा माणूस तेव्हा पूर्णपणे व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर गेला.

दारावर एक फळा ठेवा. त्यावर फक्त जिल्हाधिकारी, महापालिका आणि आरोग्य विभाग यांचे आदेश उतरवायचे, प्रत्येक आदेशाखाली स्रोत आणि तारीख-वेळ लिहायची. आदेश बदलला की जुना पुसायचा. हे शेवटचे सर्वात महत्त्वाचे, कारण शिळा आदेश अफवेइतकाच त्रास देतो. भाजी कोणत्या वेळात, लसीकरण कुठे, दाखल्याला काय लागते, असल्या प्रश्नांची उत्तरे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत दोन-दोन ओळींत लिहा. तोच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून पाठवला तर वाचता न येणाऱ्यांनाही पोचतो. रुग्णाचे नाव, गल्ली, घर यातले काहीही फळ्यावर येता कामा नये, कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी.

पुस्तक हातात द्यायचे कसे

नियम परवानगी देतील त्या दिवसापासून खिडकी उघडा. सभासदाने फोनवर पुस्तक सांगायचे, ग्रंथपालाने ते काढून नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवायचे, सभासदाने दिलेल्या वेळेला खिडकीतून घ्यायचे. आत कोणी यायचे नाही. नाव आठवत नसेल तर "मागच्या वेळेसारखंच द्या" हा निरोपही चालतो, म्हणूनच वर आवडीचा रकाना ठेवायला सांगितला. उन्हाळा असेल तर वेळ सकाळी ८ ते १० ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी रांग लावणे हा वेगळाच रोग आहे.

परत आलेल्या पुस्तकांचे काय करायचे, यावर २०२०मध्ये भरपूर गोंधळ झाला. त्यातून काय कळले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था आणि बॅटेल ही प्रयोगशाळा यांनी 'रिअल्म' नावाच्या प्रकल्पात ग्रंथालयातल्या वस्तूंवर करोनाचा विषाणू किती टिकतो ते तपासले. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तो तीन दिवसांनी सापडला नाही. एकावर एक रचून ठेवलेल्या वस्तूंवर मात्र सहा दिवसांनंतरही सापडला. म्हणजे आपण जे करतो, परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवतो, तेच सर्वात वाईट. पुढे ५ एप्रिल २०२१ला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितले की, वस्तूला स्पर्श करून लागण होण्याची शक्यता साधारणपणे प्रत्येक स्पर्शामागे १०,०००त एकाहूनही कमी आहे. धोका मुख्यतः हवेतून होता. त्यानंतर अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी पुस्तके वेगळी ठेवणे सोडून दिले.

पुढची साथ कोणत्या वाटेने पसरेल ते आज सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला सावध राहा: परत आलेली पुस्तके टेबलावर किंवा दोरीवर सुटी-सुटी मांडा, तारखेची चिठ्ठी लावा, हात धुवा. आरोग्य विभागाने स्पर्शाचा धोका कमी असल्याचे सांगितले की हा सोपस्कार बंद करा. सवय म्हणून चालू ठेवला तर ग्रंथपालाचा निम्मा दिवस त्यातच जातो आणि खिडक्या उघडायच्या राहतात.

पुस्तकांवर सॅनिटायझर किंवा सोडियम हायपोक्लोराइट फवारू नका. शाई पसरते, कागद फुगतो, बांधणीचा डिंक सुटतो. उन्हात वाळवणेही नको. एकाच उन्हाळ्यात कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. पुसायचे तर टेबल, खुर्च्यांचे हात, दाराची कडी आणि खिडकीचा कट्टा पुसा.

पेटी

फोनवर मागणी करून खिडकीशी येणे पेठेतल्या माणसाला जमते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी कामगार बाईला जमत नाही. तिथे १० हजार घरे आहेत आणि शहर काही किलोमीटर लांब. तिच्यासाठी पुस्तकांनीच जायला हवे. पेटीची कल्पना आपल्याला नवी नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम पेट्यांवरच उभा आहे आणि तो करोनाच्या आधीपासून चालत आला आहे.

आपल्या ऐपतीत बसेल अशी पद्धत: झाकणाची प्लॅस्टिक पेटी, आत २५-३० पुस्तके, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली, सोबत एक शंभरपानी वही आणि दोरीला बांधलेले पेन. पेटी वसाहतीतल्या एका घरी राहते. ज्या घराच्या ओट्यावर बायका तशाही जमतात ते घर निवडा, पुढाऱ्याचे घर टाळा. दीड-दोन महिन्यांनी पेटी पुढच्या गल्लीला जाते आणि तिथली इकडे येते. तीन पेट्यांत पाच-सहा महिने निघतात. एखादे पुस्तक हरवेल. हरवू द्या. पेटीतल्या पुस्तकांसाठी दंड लावला की दुसऱ्या दिवसापासून पेटी कुलपात जाते.

भरताना निम्मी पुस्तके मराठी, बाकी तेलुगू, कन्नड, उर्दू, वस्ती पाहून. मुलांची पातळ, चित्रांची पुस्तके सढळ हाताने टाका. मोठ्या टायपातले ओवी-अभंग, देवस्थानांची माहिती, घरगुती औषधोपचार आणि स्वयंपाक यांना हटकून मागणी असते. चार खंडांची कादंबरी पेटीत घालू नका, दुसरा खंड कायम दुसऱ्या पेटीत सापडतो.

पेटी न्यायची कोणी? ज्याला तशीही ये-जा करायची आहे त्याने. दूधवाला, किराणा पोचवणारा मुलगा, पान-तंबाखू नेऊन वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात जाणारी बाई. त्यांना प्रत्येक खेपेचे पैसे द्या आणि पावती घ्या. ग्रंथपालाला 'तेवढं जाता-जाता टाका' असे सांगून पेटी वाहायला लावणे मला पटत नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्याच्या अंगावर साथीतला धोका आणि पेट्रोल दोन्ही टाकले जाते.

हात गुंतलेले, कान मोकळे

सोलापूरसाठी मला सर्वात मोलाची वाटणारी सेवा ही, आणि तिच्यासाठी ना इमारत लागते ना पुस्तक घरी न्यावे लागते.

विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात दिवसभर सुपात असतात. डोळे पानावर. यंत्रमागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, पण विडी वळण्याच्या कामाला आवाज नसतो. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा आहे. केरळातल्या विडी कामगारांतही एकाने पेपर वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या वळून द्यायच्या अशी रीत होती. आपल्याकडे विड्या घरी वळल्या जातात, त्यामुळे वाचणारा प्रत्येक घरी पोचणे अवघड होते. फोनने ती अडचण सोडवली आहे.

करायचे असे. स्पष्ट आवाजाचे चार-पाच सभासद शोधा. निवृत्त शिक्षिका यात पटाईत असतात, नाटकात काम केलेले तरुणही. प्रत्येकाने आठवड्याला एक भाग वाचायचा, १० ते १२ मिनिटांचा. याहून मोठा भाग कोणी पुरता ऐकत नाही आणि डेटाही जास्त जातो. पंखा बंद, खिडकी बंद, फोन उशीवर ठेवून, सुरुवातीला नाव आणि भाग क्रमांक. पाठवायची वेळ पक्की ठेवा. दुपारी जेवणानंतरची उत्तम, कारण तेव्हा झोप येते आणि हात मंदावतात.

घरात साधा फोन असेल तर कॉन्फरन्स कॉल. एका फोनवरून चार-पाच घरे जोडून रोज ठरल्या वेळी पेपरमधल्या बातम्या मोठ्याने वाचायच्या. सुरुवातीला लाजतात, मग त्याच वेळेला "आज फोन का नाही आला?" अशी विचारणा होते.

काय वाचायचे, याचा कायदा पाळा. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. हरि नारायण आपटे (निधन १९१९), साने गुरुजी (निधन १९५०) यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आज मोकळे आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद मात्र मोकळे नसतात. हयात लेखकाचे वाचायचे असेल तर सरळ फोन करून परवानगी मागा आणि ती लेखी घ्या. साथीत बहुतेक लेखक घरीच असतात आणि आनंदाने हो म्हणतात. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या सभासदांसाठी ध्वनिप्रत करण्याची मुभा याच कायद्यात आहे. ती त्यांच्यापुरतीच ठेवायची, सगळ्या ग्रुपवर टाकायची नाही.

पीडीएफचा पूर

मार्च २०२०नंतर चोरून स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचा पाऊस पडला. वाचनालयाच्या ग्रुपवर तसली फाइल आली की लगेच काढून टाका. प्रकाशक बुडाला तर उद्या आपण कपाटात काय ठेवणार? चोख मार्गाने मिळणारे पुष्कळ आहे: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके, मराठी विश्वकोश, ई-बालभारती, मराठी विकिस्रोत, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी. मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर. तिथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू गोष्टी आहेत आणि मोकळ्या परवान्यामुळे त्या छापूनही वाटता येतात.

छापणे मी मुद्दाम म्हणतो. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, वडील यंत्रमागावर. मूल त्या लिंकचे काय करणार? आठ पानांची गोष्ट काळ्या-पांढऱ्यात छापून मधोमध पिन मारली की ती पेटीत जाते. चित्रे रंगवायचे काम मुले स्वतः करतात.

बंद इमारतीकडेही बघा

आठवड्यातून एकदा इमारत उघडण्याची लेखी परवानगी विभागीय कार्यालयातून आणि पोलिस ठाण्यातून घ्या. वाळवी, कसर, उंदीर, गळके छप्पर, शॉर्टसर्किट. कपाटांची दारे तासभर उघडी ठेवा, खालचे कप्पे टॉर्चने पाहा. सप्टेंबरच्या पावसात बंद खोली सर्वात धोक्याची.

अभ्यासिका उघडताना

एमपीएससी आणि पोलिस भरतीची मुले सगळ्यात आधी दार ठोठावतात, आणि ते योग्यच आहे. तालुक्याच्या गावांतून आलेल्या मुलाच्या खोलीत बसायला जागा नसते. अभ्यासिकेची फी हे अनेक वाचनालयांचे मुख्य उत्पन्नही आहे, त्यामुळे जास्त मुले बसवायचा मोह होतो.

दोन पाळ्या करा, सकाळ आणि संध्याकाळ, मध्ये एक तास खोली रिकामी ठेवून सर्व खिडक्या उघड्या. हवेतून पसरणारा रोग असेल तर टेबल पुसण्यापेक्षा हवा बदलणे जास्त उपयोगी. सीडीसीने मे २०२३मध्ये तासाला किमान पाच वेळा खोलीतली हवा बदलावी असे सुचवले. आपल्याला ते मोजता येत नाही, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवता येतो. कार्बन डायऑक्साइड मीटर मिळाला तर घ्या. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास असतो, खोलीत तो ८००च्या वर राहू लागला की माणसे जास्त किंवा खिडक्या कमी. खुर्चीला क्रमांक द्या, रोजची नोंद ठेवा, म्हणजे कोणी आजारी पडले तर शेजारच्यांना कळवता येते. ज्येष्ठांना पेपर वाचायला वेगळा तास, शक्यतो सकाळचा पहिला.

ग्रंथ मोजणी आणि न आलेली पुस्तके

उघडल्यावर दाखल नोंदवही घेऊन मोजणी करा. काही पुस्तके येणार नाहीत. काहींचे वाचक राहिले नाहीत.

थकबाकीची छापील नोटीस पाठवण्याआधी प्रत्येक नाव फोनवर तपासा. मृत्यू झालेल्या सभासदाच्या घरी पुस्तकासाठी पत्र जाणार नाही, हे पाहणे ग्रंथपालाचे पहिले काम. पुस्तक घरच्यांनी आपणहून दिले तर घ्या, ठेवून घ्यायचे म्हणाले तर ठेवू द्या. अनामत परत करा, सभासदत्व घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर हवे आहे का विचारा, पण त्याच फोनवर नाही. पुस्तकाचे रीतसर निर्लेखन करा, म्हणजे ते नोंदीतून कमी करा, आणि मंडळाच्या ठरावात कारण लिहा, म्हणजे तपासणीत अडचण येत नाही.

वर्गणीबद्दल: यंत्रमाग बंद पडले की ५० रुपयेही जड होतात. सर्वांना सरसकट माफी देण्यापेक्षा 'जमेल तेव्हा द्या' असा ठराव करा. माफी घ्यायला लाजणारा सभासद यायचाच थांबतो. हप्ता मागितलेला सभासद येत राहतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने या काळातल्या कामाची नोंद जपावी. खिडकीतून दिलेली पुस्तके, पेट्यांच्या खेपा, केलेले फोन, पाठवलेले ध्वनिभाग, सगळे तारखेसह एका वहीत. ठरलेल्या नमुन्यात यासाठी रकाना नसला तरी वार्षिक अहवालाला जोडपत्र म्हणून लावा आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना द्या.

कागद जमवा

साथ ओसरली की लोक पहिल्यांदा पास, कूपन, कंटेनमेंटचे आदेश, लसीकरणाची चिठ्ठी फेकतात. एक खोका ठेवून ते मागून घ्या. सोबत आठवणी, ज्याच्या-त्याच्या भाषेत, फोनवर रेकॉर्ड करून आणि नाव घालायचे की नाही हे विचारून. मराठीत भाषांतर करायची घाई नको.

दरवर्षी एक रंगीत तालीम

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, त्या आठवड्यात होम मैदानाच्या आसपासचे रस्ते गर्दीने भरतात आणि वाचनालयात तसेही कोणी फिरकत नाही. त्यातला एक दिवस निवडा. दार बंद ठेवा आणि सगळे काम फोन, खिडकी आणि पेटी यांवरच चालवून बघा. फोनच्या याद्या वाटा, प्रत्येक घराला फोन करा, किती लागले ते मोजा. न लागलेल्या नंबरांसाठी शेजाऱ्याला, पेपरवाल्याला विचारा आणि मिळालेला नवा नंबर त्याच संध्याकाळी दोन्ही प्रतींत उतरवा, पेन्सिलीने, कारण पुढच्या जानेवारीत त्यातले काही परत खोडावे लागतात.